चुकलेलं वर्तुळ

पहिल्याच भेटीत त्याने तिची चूक काढली.

दारावर टकटक झाली तेव्हा ती सूक्ष्मदर्शकात डोळे घालून बसली होती. दारात तळमजल्यावरच्या जनुक-प्रयोगशाळेतला तो उभा होता. आजवर रिपोर्टाखालच्या सहीपुरतीच त्याची ओळख. हातात एक काचपट्टी.

"डॉक्टर, हे वर्तुळ तुम्ही काढलंत?"

तिने पाहिलं. टाळूवरच्या वाटाण्याएवढ्या गाठीचा तुकडा. तोंडात जागोजागी बारीक लाळग्रंथी असतात, त्यातल्याच एकीतून उगवलेली गाठ. अशा गाठी क्वचितच होतात, आणि होतात तेव्हा एकमेकींची सोंगं घेतात. ही एक तर हळू वाढणारी, जरा शहाणी असणार. तेवढीच कापली की भागतं. नाहीतर नसांच्या कडेकडेने सरपटणारी... मग अर्धा टाळू काढायचा, आणि बोलणं पहिल्यासारखं राहत नाही. डोळ्यांनी निवाडा होईना, म्हणून तिने गाठीभोवती शाईचं वर्तुळ काढून पट्टी खाली पाठवली होती. त्या खुणेवरून त्याच तुकड्याच्या, रंग न दिलेल्या जोडपट्टीवरचा तेवढाच भाग खरवडून त्याने जनुकं तपासायची.

"धोक्याचा बदल सापडला नाही," तो म्हणाला. "तसं लिहून मोकळा झालो असतो. पण मन मानेना. एकदा दाखवता?"

सूक्ष्मदर्शक दोघांनी समोरासमोर बसून एकदम बघायचा होता. तो समोर बसला. तिने पट्टी सरकवली आणि तिचे कान शरमेने तापले. वर्तुळात निरोगी ग्रंथी निवांत पसरली होती. गाठ होती विरुद्ध कडेला. सूक्ष्मदर्शकात डावं उजवीकडे दिसतं, हे नवशिक्यालाही पाठ असतं. दमलेल्या हाताने तिने दिसलं त्या बाजूला वर्तुळ काढलं होतं.

"माझी चूक," ती म्हणाली.

"खरवडण्याआधी मी बघायला हवं होतं. निम्मी माझी." मग कसलीशी कळ फिरवत, "हा हिरवा बाण कसला?"

"समोरच्याला दाखवायचा. अहो, कुठे नेताय?"

"रस्ता शोधतोय... तुमच्या मजल्यावर पहिल्यांदाच आलोय ना."

तिला हसू आलं. पण बाण थरथरत होता. तिने विचारलं तर म्हणाला, खाली फार गार असतं.

नवं वर्तुळ काढून पट्टी खाली गेली. निकाल यायचा होता, तरी तो काही ना काही निमित्त काढून वर येत राहिला. कधी पेन विसरलं म्हणून, कधी चहा जास्त झाला म्हणून. संध्याकाळ झाली की तिचं लक्ष जिन्याकडे लागे, आणि ती स्वतःवरच चिडे. अहो-जाहो कधी गळून पडलं ते दोघांनाही कळलं नाही.

निकाल घेऊन तो आला तो सरळ समोर बसला आणि डोळे भिंगाला लावले. पट्टी नव्हती, नुसता पांढरा उजेड. तिनेही डोळे लावले.

"शहाणी निघाली," तो म्हणाला. "शहाण्या गाठीत असतो तोच बदल सापडला. सही मात्र मी आमच्या सरांना करायला लावली. कारण... ती गाठ माझ्या आत्याची आहे. तिनेच मला वाढवलं. दिवसभर बोलत असते गं ती."

म्हणजे हातात आलेली चांगली बातमी परत करायला हा माणूस त्या पहिल्या दिवशी जिना चढून आला होता. पेन विसरणारा हा माणूस तिला आवडत होताच. आता त्याच्यावर तिचा जीव जडला.

"आत्याला कळवलंस?"

"हो. म्हणाली, टाळू राहणारच आहे, तर त्या वर्तुळवालीशी मीच बोलू का?"

"मग?"

"म्हटलं, नको... मीच बोलतो."

पांढऱ्या उजेडात हिरवा बाण हळूच सरकत तिच्या बाजूला आला आणि थांबला. या वेळी तो थरथरत नव्हता. तिने डोळे वर उचलले. तो अजून भिंगातच बघत होता.

"इकडे बघून सांग," ती म्हणाली. "त्यात सगळं उलटं दिसतं."