अकरा महिन्यांचं भाकीत

"अकरा महिने," पडद्यावरचा उरलेल्या आयुष्याचा आकडा वाचून डॉ. निर्मला घाटपांडे म्हणाल्या. "मग केमो कशाला? मी काही घेत नाही."

सोलापूरच्या दवाखान्यातल्या कर्करोगाच्या खुणा तपासणाऱ्या प्रयोगशाळेत तीस वर्षं त्यांनी इतर बायकांच्या स्तनांतल्या गाठी तपासल्या होत्या. आज, तीस एप्रिलला, समोर त्यांचा स्वतःचा अहवाल होता.

"मॅडम, गाठ लहान, काखेतल्या ग्रंथी स्वच्छ," संगणकावरचं भाकितयंत्र सांभाळणारा इरफान मुलाणी म्हणाला. "सगळ्या खुणा चांगल्या आहेत. फक्त हे एक प्रथिन चढलंय."

"आणि यंत्र त्यालाच घाबरतं. का? पोराला समजवावं तसं सांग."

"यंत्राला रोग कळत नाही. आपण त्याला जुन्या चाळीस हजार बायकांच्या खुणा दिल्या आणि कोण केव्हा गेलं ते सांगितलं. हे प्रथिन चढलेल्या लवकर गेल्या, एवढंच ते शिकलं."

"त्या बायका दाखव."

निर्मलाबाई यादीवर बोट लावून मृत्यूच्या तारखा वाचू लागल्या. दहाव्या ओळीवर बोट थांबलं.

"या सगळ्या एकतीस मार्चलाच कशा मेल्या? कर्करोग मार्चअखेर पाळतो होय रे?"

इरफानचा चेहरा उतरला. "तपासणीला येणं सोडलेल्यांच्या फायली नोंदणी कक्ष दरवर्षी त्या दिवशी बंद करतो. यंत्रानं बंद फाइल म्हणजे मृत्यू धरला."

"आणि हे प्रथिन?"

"ताणाचं. वर्षानुवर्षं एकटं राहणाऱ्यांच्या रक्तात चढतं."

"म्हणजे ज्यांना इथं आणणारं कुणी नव्हतं, त्या." त्यांनी पहिल्या नावाचा नंबर फिरवला. शेवंता माळगे.

"मॅडम, यंत्राच्या मते त्या नऊ वर्षांपूर्वी वारल्यात."

"कोन?" पलीकडून आवाज आला.

"दवाखान्यातून बोलतेय. बऱ्या आहात ना?"

"आता आठवन आली व्हय? गाठ गेली, गुडघे गेले, मी हाय."

"सोमवारी तपासणीला याल?"

"आननार कोन?"

"मी येते गाडी घेऊन."

"अन् तुमास्नी कोन आनतंय, बाई?"

निर्मलाबाईंनी पडद्यावर स्वतःच्या चढलेल्या प्रथिनाकडे पाहिलं. यंत्राचं भाकीत तसं खोटं नव्हतं. आज त्या उपचार सोडून घरी बसल्या असत्या, तर बरोबर अकरा महिन्यांनी, एकतीस मार्चला, त्यांचीही फाइल बंद झाली असती.

"सोमवारी माझी पहिली केमो आहे," त्या हळूच म्हणाल्या. "बसाल माझ्याजवळ?"