पाचवा वरजांग

बाळाच्या सहाव्या दिवशी भर दुपारी हिरू तेलाची वाटी नि शेंदराची पुडी घेऊन वेशीबाहेर निघाली. भावाच्या, रामदेच्या घरी लग्नानंतर तेरा वर्षांनी पाळणा हलला होता. नाव ठेवायचा मान बापाच्या बहिणीचा, फोईचा. पण त्याआधी वेशीवरच्या पाळियांना, त्या उभ्या स्मृतिशिळांना, फोईनेच शेंदूर लावायचा, अशी त्या आहीर घराची रीत.

पाळिये चार होते आणि चारहींवर एकच नाव होतं. वरजांग.

पहिल्या वरजांगने गावची गुरं पळवणाऱ्यांना एकट्याने अडवलं आणि तिथेच पडला. दुसऱ्याने संवत एकोणीसशे छप्पनच्या दुष्काळात विहीर खणली. पाणी लागलं आणि वरून काठ ढासळला. तिसऱ्याची भजनं अजून सात गावांत गातात. पटकीच्या साथीत बेवारस प्रेतं उचलता उचलता तो स्वतःच आडवा झाला. चौथा हिरूचा थोरला भाऊ, वरजांग मास्तर. शाळेत पुराचं पाणी शिरलं तेव्हा त्याने अकरा पोरं बाहेर काढली आणि मग स्वतः वाहून गेला. चौघेही गेले ते तेहतिसाव्या वर्षी. गाव अभिमानाने सांगायचं, या नावातच पुण्याई आहे. हिरूला मात्र त्या पुण्याईनंतरची आईची मुकी वर्षं आठवायची.

वारा नव्हता. बाभळीवरचे होलेही गप्प होते. चौथ्या दगडाला शेंदूर लावून ती उठली, तेव्हा शेजारी एका दगडापुरती मोकळी जागा तिला दिसली. चहूकडे वाळलं गवत होतं, तेवढ्या जागेत काडीही नव्हती. कुणीतरी रोज झाडून ठेवल्यासारखी.

परतताना ती लाखूफोईच्या ओट्यावर टेकली. ही हिरूची नि मास्तरांची फोई. नव्वदीला टेकलेली, डोळ्यांनी अधू.

"काय नाव योजलंयस?" म्हातारीने विचारलं.

"भरत."

"हं… मी तुझ्या थोरल्या भावासाठी केशूर योजलं होतं."

"मग वरजांग का ठेवलंत?"

म्हातारीने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "मी कुठं ठेवलं, पोरी… तोंड माझं होतं, एवढंच."

हिरू घरी आली ती ठरवूनच. कागदावर तिने ठळक अक्षरांत 'भरत' लिहिलं. गुळाचा एक मोठा खडा तोंडात कोंबला आणि दातावर दात रोवून बसली.

चार मुलींनी कापडाची चार टोकं धरली, मधे पिंपळपान ठेवून बाळाला निजवलं. बायका गात होत्या, झोळी हलत होती. मग गाणं थांबलं.

"बोल हिरूबेन, काय नाव?" वहिनी म्हणाली.

हिरूने कागद रामदेच्या हातात दिला. त्याने घडी उघडायच्या आतच आवाज आला.

"वरजांग."

आवाज हिरूचाच होता. स्पष्ट, जरासा घोगरा. अंगणातल्या चाळीस बायकांनी तो ऐकला. हिरूचे ओठ मिटलेले होते, गूळ दातांत तसाच होता.

रामदेने कागद न बघताच चुरगळला. त्याचे डोळे वाहत होते. "बेन, माझ्या मनातलं बोललीस."

ऊन उतरायच्या आत हिरूने बाळ उचललं, गोठ्यामागच्या उकिरड्यावर ठेवलं आणि परत उचललं. "हे मला केरात सापडलं. याचं नाव पुंजो. केर."

रामदे पिसाळला. "भावाचं नाव उकिरड्यावर टाकलंस?"

"टाकलं. मला नाव काढणारा भाचा नको. म्हातारा होणारा हवा."

त्या दिवसापासून घरात दुसरं नाव कुणी उच्चारलं नाही. पुंजो मोठा झाला. चौथीत नापास झाला तेव्हा हिरूने सासरहून येऊन, पेढे वाटावेत तसे गल्लीत गूळ-धणे वाटले. पोरगं पाण्याला भ्यायचं, मारामारी दिसली की घरचा रस्ता धरायचं. लोक टोमणे मारायचे, "मास्तरांचा पुतण्या म्हणे. शेळी परवडली." पुंजो मान खाली घालायचा आणि हिरूच्या जिवाला थंडावा वाटायचा. पुढे तो शेंगांच्या पोत्यांचा टेम्पो चालवू लागला, लग्न झालं, दोन मुली झाल्या. हिरू विधवा होऊन माहेरी परतली आणि त्याच्याच शेजारच्या खोलीत राहू लागली.

तेहतिसाव्या वर्षाचा शेवटचा दिवस उजाडला. हिरूने त्याला टेम्पो काढू दिला नाही. दुपारी तो तिच्या खोलीत येऊन ताक पीत बसला.

"फोई, एक सांगू? हसशील."

"सांग."

"लहानपणापासून मला कुणीतरी हाक मारतं. वरजांग, वरजांग म्हणून. लहान पोराचा आवाज असतो. मला वाटायचं, काकांना शोधतंय कुणी… मी गप्प बसायचो."

शेंगा पाखडणाऱ्या हिरूच्या हातातलं सूप थांबलं. "मग गप्पच बसायचं."

"बसलोच की आजवर. सगळे भित्रा म्हणाले तरी बसलो." त्याने प्याला खाली ठेवला. "पण आज सकाळी… फार रडत होतं गं. राहवलं नाही. मी ओ दिली."

बाहेर ऊन रणरणत होतं. कुणी हाक मारलेली हिरूला ऐकू आली नाही. पण पुंजोने मान वर केली. त्या पोराला ताठ मानेने बसलेलं तिने कधी पाहिलं नव्हतं. तो दाराकडे बघून हसला, एखाद्या ओळखीच्याकडे बघून हसावं तसा.

"आलो रे," तो म्हणाला आणि उठला.

हिरू त्याच्या आधी दाराशी पोचली. कडी घातली, पाठ लावून उभी राहिली. "सूर्य मावळेपर्यंत, बाळा… तेवढाच वेळ."

"फोई, सरक." त्याचा आवाज शांत होता. "फार लहान आहे ते."

"कोण?"

त्याने कडीकडे हात नेला. आणि दारावर, हिरूच्या गुडघ्याच्या उंचीवर, बाहेरून कुणीतरी हलकीशी थाप मारली.