पाटीसकट

चष्मेवाल्याच्या घरात दोन जोड्या होत्या. एक त्याची नि बायकोची, दुसरी टाकीतल्या एंजल माशांची. यांतली जास्त भांडकुदळ कोणती, यावर खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई कधीही पैज लावायला तयार होत्या.

मासे मात्र देखणे. ताटलीसारखे चपटे, अंगावर उभे काळे पट्टे, वर-खाली लांबलचक पर. बैठकीच्या खोलीत भिंतीला लागून ती उंच टाकी, हवेच्या पंपाची अखंड गुरगुर आणि समोर स्टुलावर चष्मेवाला. दिवसभर दुकानात लोकांच्या काचा घासून आलेला माणूस घरी येऊन पुन्हा काचेलाच नाक लावून बसतो, याचा बायकोला भयंकर राग. "मला पाण्यात पाहतोस," ती म्हणायची, "आणि यांच्यावर मात्र डोळ्यांत तेल घालून पहारा!"

भांडणाचं खरं कारण ठकी. त्यांची मुलगी, अजून शाळेतही न जाणारी. बायकोला माहेरच्या गावी नोकरी लागली होती आणि येत्या रविवारी ती ठकीला घेऊन कायमची जाणार होती. "तुला जायचं तर जा, ठकी इथेच राहील," हे चष्मेवाल्याचं पालुपद. मग शब्दाने शब्द वाढायचा, भांडी आपटायची, आणि ठकी कानांवर हात ठेवून आतल्या खोलीत आपल्या गादीवर जाऊन बसायची. दोघांचाही जीव त्या पोरीत अडकलेला. पण तिच्याकडे बघायला भांडणातून सवड कुणाला होती?

माशांचं म्हणाल, तर ते टाकीत तिरक्या ठेवलेल्या दगडी पाटीवर अंडी घालायचे आणि एकमेकांशी भांडता भांडता स्वतःच गट्ट करायचे. मासे विकणाऱ्या दुकानदाराने उपाय सांगितला. "तुम्ही बघता फार. टाकीला बाहेरून खाकी कागद लावा, जोडीला जरा एकांत द्या. तरीही भांडली, तर अंडी पाटीसकट उचला नि वेगळ्या बरणीत ठेवा. आईबापांचं सोडा हो, पिल्लं जगली पाहिजेत."

चष्मेवाल्याने कागद लावला. शुक्रवारी पाटीवर अंडी दिसली.

शनिवारी सकाळी घरात उजेडच मळकट पडला होता. खिडक्यांना बाहेरून खाकी कागद लागला होता. एक सुरकुती नाही, कोपरे अगदी चौकोनी. आणि घर तिसऱ्या मजल्यावर.

"इमारतीला रंग देणार असतील," चष्मेवाला म्हणाला. "रंगाऱ्यांनी लावला असेल."

"आधी सांगायची काही रीत आहे की नाही?" बायको फणकारली आणि खिडकी उघडायला गेली. खिडकी उघडेना. त्याने दाराची कडी काढली, कुलूप काढलं, खांदा लावला. दार भिंतीचाच भाग असल्यासारखं घट्ट. फोन लावले तर नुसते वाजत राहायचे, पलीकडे कुणी उचलेना. रस्त्यावरचे हॉर्न नाहीत, शिंपीणबाईंचं मशीन नाही. ऐकू येत होती ती फक्त गुरगुर.

त्याने पंप बंद करून पाहिला. गुरगुर थांबली नाही.

हे बायकोला सांगायचा त्याला धीर होईना. हाताला काही तरी काम हवं म्हणून त्याने पंप पुन्हा लावला आणि टाकीचा कागद बाजूला केला. नर मादीचे पर ओरबाडत होता. त्याने बरणी पाण्यात बुडवली, अंड्यांना वारा लागू न देता पाण्यातल्या पाण्यातच पाटी तिच्यात सरकवली आणि अलगद बाहेर काढली. जोडी भांडायची थांबली. रिकाम्या जागेभोवती दोघंही घिरट्या घालू लागली.

"हे तूच केलंस ना?" मागून बायको म्हणाली. "मी उद्या जाऊ नये म्हणून! माणसं लावून कागद चिकटवलास, दार बंद केलंस!"

"वेड लागलंय का तुला?"

"ठकी, चप्पल घाल. आपण आत्ता निघायचं."

"ठकी कुठे जाणार नाही!"

एक हात तिने धरला, एक त्याने. दोघांनीही ओढलं. ठकी अशी किंचाळली की दोघांचे हात आपोआप सुटले. ती आत पळाली, गादीवर पालथी पडून हुंदके देत राहिली आणि तशीच झोपली. लाजेने दोघांच्या माना खाली गेल्या. पण स्वयंपाकघरात जाताच पुन्हा सुरू झालं, आता दबक्या आवाजात. कुणामुळे, कुणाचं चुकलं, पहिल्यांदा कुणी ओढलं.

बाहेरची गुरगुर क्षणभर थांबली. मग पुन्हा लागली.

दोघं आतल्या खोलीकडे धावली.

ठकी नव्हती. गादी नव्हती. चादर नाही, उशी नाही. खिडकी बंद, कागद जिथल्या तिथे.

"ठकी!" बायकोने कपाटं उघडली, कपडे उपसले, पलंगाखाली वाकून पाहिलं. चष्मेवाला मात्र जागचा हलला नाही. गादीसकट. हा एकच शब्द त्याच्या डोक्यात होता.

तेवढ्यात कागदापलीकडून, लांबून, ठकीचा आवाज आला. ती रडत नव्हती. कुणाला तरी आपलं नाव सांगत होती.

दोघांनी काचेवर मुठी आपटल्या. घसा फुटेपर्यंत हाका मारल्या. तिला ऐकू गेलं नाही. आवाज हळूहळू लांब गेला.

त्याने बायकोला जवळ घेतलं. कित्येक महिन्यांनी ती त्याच्या कुशीत शिरली.

"चुकलं रे माझं."

"माझंही. ठकी परत येऊ दे, मग तू म्हणशील तिथे राहू."

कुणी तिला परत आणून दिलं नाही. दोघं एकमेकांना घट्ट धरून गादीच्या रिकाम्या जागेजवळ बसून राहिली.

अंडी काढून घेतली, की जोडीने पुन्हा घालावीत म्हणून टाकीचा हीटर थोडा वाढवतात. हे चष्मेवाल्याला ठाऊक होतं, बायकोला नव्हतं.

तिने डोळे पुसले, मग गळा पुसला.

"अरे," ती म्हणाली, "एकदम एवढं उकडायला का लागलंय?"