एकतीस आज्यांचा ओटीपी

वीज गेली होती, म्हणून मी माझ्या ऑनलाइन सेवा केंद्राच्या पायरीवर बसून उकडलेल्या तुरीच्या शेंगा खात होते. एवढ्यात किन्हीराजाच्या स्टँडकडून एक तरुण आला.

"केंद्र चालवनारे कुठं हायत?"

"तुमच्यासमोर शेंगा खाऊन राह्यले."

तो गोंधळला... मग हसला. चांगला हसत होता, मेला!

त्याचं नाव अश्वजित. सरकारच्या वतीनं अशी केंद्रं तपासायचं त्याचं काम. वीज आल्यावर त्यानं माझी नोंदणी यादी उघडली, आणि हसू मावळलं.

"एकतीस जनींच्या नावावर एकच मोबाईल नंबर?"

"माझा हाय."

"काहून?"

"भागिरथाआजीजवळ मोबाईल नाही. तिचा ओटीपी काय चुलीवर येईन?"

गावात कोणाला यात वावगं वाटलं नव्हतं. ओटीपी माझ्याकडे यायचा, काम व्हायचं, आजी माझी अलाबला घ्यायची.

"तुमी चांगल्या आहा," तो हळूच म्हणाला. "पन उद्या ह्या खुर्चीवर दुसरं कोनी बसलं तर? एकतीस म्हाताऱ्या त्याच्या मुठीत! नियम त्यासाठीच हाय... तुमचा आयडी बंद होऊ शकते."

आयडी बंद म्हणजे केंद्र बंद. बाबा गेल्यापासून आमची चूल त्यावरच पेटत होती. रडू आलं, पण परक्यासमोर रडणारी मी नव्हे.

महिनाभर तो दर मंगळवारी आला. माझा नंबर काढून आम्ही एकेकीचा अंगठा जोडत घरोघर फिरलो. निंदून निंदून झिजलेले अंगठे मशीन घेईना. मग तो कोमट पाणी मागायचा, आजीचा हात स्वतः धुवायचा, हळुवार पुसायचा. ते पाहता पाहता माझा जीव त्याच्यात गुंतला.

"सर, मंगळवार आठवड्यात एकच काहून असते?"

"हे तपासणीत बसत नाही, मॅडम," तो म्हणाला. पण कान लाल झाले होते.

शेवटच्या मंगळवारी मात्र त्याच्याऐवजी त्याचे वरिष्ठ जगदेवसाहेब आले. झालं तेवढं सगळं त्यांनी अहवालात लिहिलं. आयडी सहा महिने बंद.

दुसऱ्या दिवशी अश्वजित केंद्राच्या दारात उभा. मी कडाडले, "तुमच्या हातात होतं ना? मंग पळाले कायले?"

"मी खरं लिहू शकलो नसतो, पिंकी. म्हनून तपासणी सोडली. कारण लेखी मागतलं साहेबानं."

"काय लिहिलं?"

तो मान खाली घालून म्हणाला, "'केंद्रचालक मुलीशी लग्न करण्याची इच्छा असल्यामुळे निष्पक्ष तपासणी करू शकत नाही.'"



"मले न इचारता सरकारले सांगतलं?"

"तुले इचारालेच आलो..."

केंद्र गेल्याचं दुःख छातीत तसंच होतं. आणि तरी हा माणूस मला हवा होता, अगदी असाच खरा. मी केंद्राला कुलूप लावलं.

"घरी चाल. आईले दोन्ही गोष्टी तूच सांग. आधी आयडीची... मंग माह्या होकाराची."