पॅन्ट उद्या मिळेल

तो दुकानात आला तेव्हा मी शिलाई मशीनमागे बसून, दोऱ्याच्या रिळांना फोन टेकवून, रक्ततपासणीचं ऑनलाइन लेक्चर ऐकत होते.

"पॅन्ट आखूड करायचीय," तो म्हणाला आणि थबकला. त्याच्या कानातल्या इयरफोनमधून आणि माझ्या मशीनमागून एकच सर बोलत होते.

"थांबा... तुम्ही 'न्यू फिटिंग टेलर्स'?"

फोन बाबांचा, त्यामुळे वर्गाच्या पडद्यावर माझ्या जागी दुकानाचं नाव दिसायचं. मी ते बदललं नव्हतं. फुकट जाहिरात कोण सोडतं?

"मीच. आणि वर्गमित्राला अहोजाहो नको."

"मग तू दर लेक्चरमधून मध्येच गायब का होतेस?"

तेवढ्यात फोन वाजला, सर गायब झाले आणि पलीकडून कुणीतरी कोटाची चौकशी केली. "उद्या मिळेल," मी सांगितलं. फोन ठेवून त्याच्याकडे पाहिलं. "म्हणून."

तो हसला. हसताना डावीकडे खळी पडायची... आता मापं घेणाऱ्याच्या नजरेला असलं दिसतंच, त्यात माझा काय दोष?

दुसऱ्या दिवशी तो पॅन्ट न्यायला आला. "उद्या," मी म्हणाले. तिसऱ्या दिवशीही उद्याच. मग तो येतच राहिला, आणि स्टुलावर बसून माझं बुडालेलं लेक्चर समजावून सांगायला लागला.

तोंडी परीक्षा जवळ आली, तीही ऑनलाइनच. मागच्या खेपेला ऐन प्रश्नात फोन वाजून मी बाहेर फेकली गेले होते. या खेपेलाही तसंच झालं, तर वर्ष वाया.

"माझ्याकडे एक जुना लॅपटॉप पडून आहे," तो म्हणाला.

"आणि त्याला नेट कुठून देऊ? मशीनच्या पायडलमधून?"

ज्यांच्या घरी लॅपटॉप पडून असतात त्यांचा मला राग यायचा. त्याचा येत नव्हता, आणि याचाच मला जास्त राग आला.

त्याची परीक्षा आदल्या दिवशी झाली. माझ्या दिवशी तो आजोबांचा बटणांचा फोन घेऊन आला. बाबांचं सिमकार्ड त्यात घातलं, स्वतःच्या फोनवरून मला नेट दिलं आणि दुकानाच्या पायरीवर जाऊन बसला. "गिऱ्हाइकं माझ्याकडे. तू आत जा."

सरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "तुझी हजेरी इतकी तुटक का?"

"सर, घरात फोन एकच. तो आधी आमचं पोट भरतो, मग मला शिकवतो. ज्यांच्याकडे दोन आहेत, त्यांची हजेरी पूर्ण असते. हुशारीचा त्यात संबंध नाही. आता रक्ताबद्दल विचारा."

सरांनी हजेरीचा विषय सोडला. मग त्यांनी विचारत जावं आणि मी सांगत जावं, असं चाललं. एकदाही तुटलं नाही.

बाहेर आले तर बाबा डोक्याला हात लावून उभे. या पठ्ठ्याने फोन करणाऱ्या प्रत्येकाला 'आज संध्याकाळी या' सांगितलं होतं.

"अरे, शिंप्याच्या दुकानात आज म्हणतात का?" बाबा म्हणाले, आणि त्याच्या हातात सुईदोरा दिला.

संध्याकाळपर्यंत आम्ही तिघं राबत होतो. त्याने बटणं लावली, त्यातली निम्मी मी उसवून पुन्हा लावली. शेवटचा कोट घेऊन बाबा गिऱ्हाइकाकडे गेले आणि दुकानात आम्ही दोघंच उरलो.

"आता माझी पॅन्ट?" त्याने बोट चोखत विचारलं. सुई टोचली होती.

"ती... दुसऱ्याच दिवशी झाली होती."

"माहितेय. तुझ्यामागेच टांगलीय."

माझे कान तापले. "मग रोज कशाला यायचास?"

"तू रोज उद्या ये म्हणायचीस ना..." तो अडखळला. "खरं कारण... उद्या सांगितलं तर चालेल?"

मी पॅन्ट काढली, घडी केली आणि त्याच्या हातात ठेवली.

"नाही," मी म्हणाले. "मला तू आवडतोस. आता तू बोल. आज."

तो बोलला.