ठोके न पडलेली ओळ

विश्वास बसो न बसो, यात पदरचं काही घातलेलं नाही. मी स्वतः त्या खोलीत होतो.

गेल्या हिवाळ्यातली रविवारची संध्याकाळ. आमचं स्वयंपाकघर. टेबलापाशी मी आणि शेजारी ताई. समोरची खुर्ची रिकामी.

ताई आधी हॉटेलच्या लाँड्रीत होती. चादरींना इस्त्री करणारं मोठं मशीन होतं तिथे. तिच्या जोडीला काम करणाऱ्या काकू चादर पसरायच्या, ताई तापलेलं झाकण खाली ओढायची. हात बाहेर काढले की काकू लाकडी कडेवर दोनदा ठोकायच्या.

टक... टक.

ते ऐकल्याशिवाय झाकण खाली आणायचं नाही, हा दोघींचा नियम.

मग काकू तापाने गेल्या. मी तेव्हा बाहेरगावी होतो, ताईनेच फोनवर सांगितलं. तिने काम सोडलं आणि घरी बसली. जेवण नाही, बोलणं नाही. मला तिची भीती वाटायला लागली होती.

शेवटी दुसऱ्या एका हॉटेलची जाहिरात दिसली. अर्जासोबत स्वतःबद्दल पत्र हवं होतं. मी घरातला लेखक! लगेच बाह्या सरसावल्या.

"लिही, अख्खी लाँड्री मी एकटीने सांभाळली."

"उगाच फुशारक्या नकोत रे."

"अगं, थोडा मीठमसाला लागतोच!"

तिने लिहिलं, मोठ्याने वाचलं आणि खोडलं. मग स्वतःच्या मनाने लिहिलं, 'मशीन आम्ही दोघी मिळून चालवायचो.'

टक... टक.

टेबलाच्या पलीकडून.

मी वाकून खाली पाहिलं. कुणी नव्हतं.

"काकू आहेत," ताई शांतपणे म्हणाली. "लिहू दे मला."

'कुठल्या कापडाला किती वाफ द्यायची, हे मला काकूंनी शिकवलं.'

टक... टक.

'हिशेबात मी कच्ची आहे, पण चादरीवरचा डाग लांबून ओळखते.'

टक... टक.

माझ्या अंगावर काटा आला होता. पत्र मात्र झकास उतरत होतं.

मशीनवर काळजीपूर्वक काम करणारी बाई हवी, असं जाहिरातीत मुद्दाम लिहिलं होतं. म्हणून मीच सुचवलं, 'माझ्या मशीनवर कधीच अपघात झाला नाही.'

तिने लिहिलं. वाचलं.

काहीच नाही...

आम्ही थांबलो. फ्रिजची घरघरही बंद पडली होती.

ताईचा चेहरा पांढराफटक पडला. तिने ती ओळ कागद फाटेपर्यंत खोडली.

"तेवढं राहू दे," एवढंच म्हणाली.

नोकरी मिळाली. पत्र प्रांजळ वाटलं म्हणे. ताई पुन्हा हसायला लागली, जेवायला लागली. मशीन तसंच आहे. समोर चादर पसरायला एक नवी बाई असते.

आज ताई कामावर गेलीये. मी त्याच टेबलापाशी हे लिहितोय आणि एकेक ओळ मोठ्याने वाचतोय. ओळीमागून ओळ, ठोके पडतायत. सवय झालीये म्हणा... छे, कसली सवय.

फक्त एका ओळीला ठोके पडले नाहीत. पुन्हा पुन्हा वाचून पाहिली.

'मग काकू तापाने गेल्या.'

ताईला विचारायची माझी हिंमत नाही. पण त्या नव्या बाईला कुणीतरी सांगायला हवं...