‘सिगोन्य’वरचा बिनधाग्याचा दोर

दोराच्या शिडीवरून तपासनीस थ्रेल सरसर वर आला. मागून धापा टाकत त्याचा मित्र पाद्री बेलमी आला आणि जहाज नांगरावर असूनही कठडा घट्ट धरून उभा राहिला. खाली पाणी इतकं संथ होतं की कालच्या बटाट्याच्या साली अजून जहाजाला चिकटून तरंगत होत्या.

“आलात, साहेब!” सुताराची बायको नॅन पुढे धावली. कडेवर तान्हा टोबी. “ॲडमिरलच्या जहाजावरून होडी निघालीय. ती आली की माझ्या यानला नेतील. तिथं गेलेला माणूस फासावरच जातो हो.”

‘सिगोन्य’ हे जहाज सहा वर्षांपूर्वी इंग्रजांनी फ्रेंचांकडून जिंकलं. झेंडा बदलला, तोफा बदलल्या, नाव तेवढं ठेवलं. जुन्या माणसांपैकी एकटा सुतार यान मागे राहिला, इंग्रज बायको केली, तरी तीनशे खलाशांच्या लेखी तो अजून फ्रेंच ‘बेडूक’च होता. काल लेफ्टनंट क्रॅडक दोरांच्या कोठीबाहेर मेलेला सापडला. गळ्याला दोर आवळलेला. तासाभरात यानच्या पायात बेड्या पडल्या.

नॅन त्यांना खाली घेऊन गेली. डोक्याला लागणारे वासे, खिडकी नाही. पोर्टस्मथची घरं हाकेच्या अंतरावर, पण खलाशी पळून जातील म्हणून किनाऱ्यावर कुणालाच सोडत नसत. कनातीच्या पडद्यामागे तिचा संसार: एक पेटी आणि टांगलेला पाळणा. तिनं टोबीला त्यात ठेवलं. त्यानं लगेच कापडी बाहुलीचा पाय तोंडात कोंबला. हनुवटीवर निळसर लाळ ओघळली. नॅननं ती झग्याच्या टोकानं पुसली.

“गारठलंय माझं लेकरू.”

“पाळण्याचा दोर कुठला?” थ्रेलनं विचारलं.

“फ्रेंच. यानचा ठेवा आहे. जहाजावरचा शेवटचा. बाकीचे सगळे कुजले.”

टोबीचं पांढरंशुभ्र टोपडं त्या दोराला घासत होतं.

“आणि बाहुली?”

“हॅगरकाकांनी केली. आमचे सारंग, दोर-शिडं सांभाळणारे. फार जीव त्यांचा पोरांवर.”

आधी कोठारी स्लोकमला विचारलं. क्रॅडकशी त्याचं भांडण सगळ्यांना ठाऊक होतं.

“मेला, मी रडलो नाही,” स्लोकम म्हणाला. “पण गळा आवळणार कसा? माझ्या बुटाचे बंदसुद्धा नोकर बांधतो!”

सारंग हॅगरच्या कमरेला दोरांच्या कोठीची किल्ली होती. त्यानं तो खुनी दोर उलगडून दाखवला.

“आमच्या सरकारी दोराच्या पोटात निळा धागा असतो, साहेब. चोरून कुठंही विका, लगेच पकडला जातो. याच्या पोटात धागा नाही. म्हणजे फ्रेंच. बेडकानंच लपवून ठेवलेला असणार.” तो नॅनकडे वळला. “वाईट वाटतं गं पोरी. पण काय करणार?”

“मग झालंच की,” बेलमी उसासला.

थ्रेल मात्र प्रेताकडे गेला. क्रॅडकच्या पांढऱ्या गळपट्ट्यावर डांबराचा जाड काळा पट्टा उमटला होता.

“बेलमी, स्वयंपाक्याच्या चुलीखेरीज इथं कुठं आग?”

“छे! तिच्यावरही बंदूकवाला शिपाई. मला साधी चिलीम पेटवू दिली नाही मेल्यानं.”

वर आरोळी झाली. होडी लागली होती. यानला डेकवर आणलं. नॅनही टोबीला पाळण्यातून उचलून वर आली. कप्तान घाईत होता.

“बोला थ्रेल, थोडक्यात.”

“हा दोर फ्रेंच नाही, कप्तानसाहेब. फ्रेंच दोर सहा वर्षं जुना, त्यातलं डांबर वाळून गेलंय. बाळाचं टोपडं दिवसभर त्यावर घासतं, एक डाग नाही. या दोरानं मात्र क्रॅडकचा गळपट्टा काळा केला. दोर नवा आहे, सरकारीच आहे.”

“मग निळा धागा?”

“काढलाय. दोराचे पेड उकलायचे, धागा ओढायचा, पुन्हा वळायचे. दोर चोरून विकणारा एवढी मेहनत करणारच. क्रॅडकनं त्याला ते करताना पकडलं, तेव्हा हातात हाच दोर होता. आणि या जहाजावर धागा नाही म्हटलं की सगळ्यांना फ्रेंचच दिसतो. एकानंही दोराला हात लावून पाहिला नाही.”

“कोठीची किल्ली माझ्याकडे, म्हणून मी चोर?” हॅगर हसला. “कुठायत तुमचे धागे?”

“तोच तर पेच होता तुमचा. जाळावेत तर चुलीवर पहारा. पाण्यात टाकावेत तर सालींसारखे इथंच तरंगणार. मग कुणी झडती घेणार नाही अशी जागा शोधलीत.” थ्रेल वळला. “बाई, तुझं लेकरू गारठलेलं नाही. रंग गळतोय.”

नॅनच्या सगळं लक्षात आलं. तिनं टोबीच्या हातातून बाहुली घेतली आणि दातांनी शिवण तोडली. निळ्या धाग्यांचे पुंजके डेकवर सांडले.

दोन शिपायांनी हॅगरचे दंड धरले.

“पोरं हसायची,” हॅगर पुटपुटला. “त्यांच्यासाठीच केली होती असं वाटायला लागलं होतं मलाही.”

यानच्या बेड्या हॅगरच्या पायात गेल्या. तो शिडी उतरू लागला, तसा टोबीनं भोकाड पसरलं. दोन्ही हात त्याच्याकडेच. पोराला आपली बाहुली हवी होती. नॅननं त्याचं तोंड फिरवलं आणि त्याला यानच्या हातात दिलं.

होडी निघून गेली. ‘सिगोन्य’ तिथंच, नांगराला बांधलेलं. समोर किनारा तेवढाच जवळ, तेवढाच लांब. टोबी हुंदके देत बापाचं मनगट चावू लागला. यान हलला नाही. मनगटावर एक छोटासा निळा ओठ उमटला.